सुपाची खरखर

"पोरी, खरखर पुसू नको गो. पुसायचीच असेल तर आधी ती काय सांगते ते ऐकून घे, मग पूस."

गुणाबाय आत्या हे म्हणाली तेव्हा हर्षालीचा एक हात लॅपटॉपवर होता आणि दुसरा पाळण्याच्या दोरीवर. ती हसली. हसण्यात मस्करी कमी आणि घाई जास्त होती, कारण लेकीची, उर्वीची, झोप अजून कच्ची होती.

"आत्या, खरखर काही सांगत नसते. तापलेल्या तारेत इलेक्ट्रॉन धडपडतात, त्याचा आवाज तो. त्यात सांगण्यासारखं काय असणार?"

"धडपडतात ना? मग का धडपडतात ते तरी विचार."

हर्षालीने विचारलं नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षं ती हेच शिकली होती, आणि पुढची सहा वर्षं पुण्याच्या कंपनीत हेच करून पगार घेतला होता. आत्या सातवीपर्यंत शिकलेली. चौतीस वर्षं वेळणे बंदराच्या मच्छीमार सोसायटीत वायरलेसच्या सेटसमोर बसलेली. आत्याचं हर्षालीवर प्रेम होतं, हर्षालीचं आत्यावर होतं. पण प्रेम असलेल्या माणसाचं म्हणणंही आपण कितीदा नुसतं कानाआड करतो!

खरखर म्हणजे काय, हे इथे थोडं सांगायला हवं. कुठलीही तार वरून थंडगार दिसली तरी तिच्या आत इलेक्ट्रॉन कधी स्वस्थ बसत नाहीत. उष्णता त्यांना सतत हलवत राहते. रेडिओवर स्टेशन लागलेलं नसताना जो 'खर्रर्र' ऐकू येतो, त्यात बराच वाटा या हालचालीचा असतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, पण ते भोळं असतं. माणसाचं बोलणं ते ज्या इमानाने मोठं करतं, त्याच इमानाने ही कुजबुजही मोठी करतं, आणि वर स्वतःची थोडी भर घालतं. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्याच पायरीवर जी खरखर शिरते, ती पुढची प्रत्येक पायरी वाढवत नेते. नंतर कितीही भारी यंत्र जोडा, पहिल्या पायरीचं पाप धुतलं जात नाही.

शंभराहून जास्त वर्षं इंजिनिअर या खरखरीशी झगडले. हर्षालीच्या कंपनीने वेगळी वाट धरली. खरखर कमी करण्याच्या मागे न लागता त्यांनी यंत्राला माणसाचा आवाज ओळखायला शिकवलं. लाखो तासांचं बोलणं त्याला ऐकवलं. मग कितीही गढूळ लहर आली तरी यंत्र त्यातलं बोलणं तेवढं उचलायचं, तुटलेली अक्षरं जुळवायचं, आणि बाकी सगळं फेकून द्यायचं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकलं की पाणी कसं नितळ होतं? म्हणून यंत्राचं नाव 'निवळी'. ते नाव हर्षालीनेच सुचवलं होतं. २०३६ उजाडेपर्यंत निवळी फोनमध्ये होती, कानाच्या यंत्रांत होती, पाळण्यावर टांगायच्या बाळफोनमध्येही होती. आता ती मासेमारी होड्यांच्या वायरलेसमध्ये यायची होती, आणि पहिलं बंदर म्हणून हर्षालीने आपलं वेळणे निवडलं होतं. बाळंतपणाला माहेरी आलीच होती. रजा संपली तशी तिथूनच काम सुरू केलं.

वेळण्याची एक रीत होती. समुद्रावर असताना 'सगळं बरं आहे' असं तोंडाने कोणी म्हणत नसे. म्हटलं की दर्या ऐकतो, अशी समजूत. तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, सकाळ-संध्याकाळ वायरलेसचं बटण नुसतं दोनदा दाबायचा. खट्, खट्. इकडे आत्या पाटीवर त्या होडीच्या नावापुढे खडूने रेघ मारायची. कुठल्या तांडेलाची खट् खट कुठली, हे ती न चुकता ओळखायची. हर्षालीचे बाबा, आत्याचा धाकटा भाऊ धर्माजी तांडेल, दोन खटांच्या मध्ये अंमळ थांबायचे. लहानपणी त्या खट् खटीची वाट बघत हर्षाली आत्याच्या मांडीवर बसायची.

आणि तरीही, निवळीला शिकवायची वेळ आली तेव्हा तिनेच ती खट् खट कचऱ्यात टाकली. इंजिन सुरू करताना ठिणगी उडते, तिचाही वायरलेसवर असाच ठोका उमटतो. यंत्राला दोन्हींतला फरक कळेना. अकरा हजार तुकडे एकेक ऐकून वेगळे करायचे तर दोन महिने गेले असते. बाळ तीन महिन्यांचं, झोप तुटकी. हर्षालीने सगळे ठोके एका फटक्यात 'नको'च्या टोपलीत सारले. आता आवाज इतका स्वच्छ येणार, तर लोक बोलतीलच की, ठोके हवेत कशाला?

आणि लोक बोलायला लागले, हे खरं. निवळी बसली आणि वीस मैलांवरच्या तांडेलाचा आवाज ओट्यावर बसून बोलल्यासारखा यायला लागला. बायका वायरलेसच्या खोलीत येऊन बसायच्या. "आगो, माझ्या घोवाचा आवाज इतका गोड आहे हे लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं," असं एक जण म्हणाली आणि खोली हसून लोटपोट झाली. बाबा तर रोज दुपारी बारा वाजता एकच प्रश्न विचारायचे, "आमची बाय जेवली का?" हर्षाली सात महिन्यांच्या उर्वीला माइकपाशी धरायची. उर्वी 'आँ' म्हणायची, आणि समुद्रावरून आठ माणसांचं हसू यायचं. हर्षालीची छाती अभिमानाने भरून यायची.

एक गोष्ट मात्र आत्याच्या नजरेतून सुटली नव्हती. उर्वीच्या पाळण्यावरच्या बाळफोनमध्येही निवळीच होती. हिरवा दिवा आणि 'बाळ शांत' अशी अक्षरं. तरी हर्षाली दर दहा मिनिटांनी उठून जायची आणि उर्वीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघून यायची.

"दिवा हिरवा आहे ना?" आत्या विचारायची.

"आहे."

"मग कशाला धावतेस?"

"असंच."

आत्या अडकित्ता उचलायची. सुपारी कातरत राहायची.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. कंपनीच्या प्रमुख पंडित मॅडम पुण्याहून आल्या होत्या. किनाऱ्यावरच्या बेचाळीस बंदरांचे प्रतिनिधी आले होते. सह्या झाल्या की सगळीकडे निवळी बसणार होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एकतीस होड्यांची नावं आणि एकतीस हिरवे दिवे. गुणाबाय आत्याचा निरोपाचा सत्कारही त्यातच उरकायचा होता, कारण आता तिथे कान देऊन बसायला माणूस लागणार नव्हता. आत्या नऊवारीत खुर्चीवर बसली होती. मांडीवर शाल आणि नारळ. चेहरा वर्गातून बाहेर काढलेल्या मुलासारखा.

सकाळपासून वारा फिरला होता. होड्यांना माघारी बोलावलं गेलं. एकेक तांडेल बोलत होता, त्याचा स्वच्छ आवाज हॉलमध्ये घुमत होता, पाहुणे माना डोलावत होते. हर्षाली उर्वीला कडेवर घेऊन पडद्यापाशी उभी. तिच्या बाबांची 'हिराई' साडेदहाला बोलली होती, "निघालो." पुढे काही नाही. दिवा हिरवा. खाली अक्षरं, 'अडथळा नाही. शांत.'

बारा वाजले. बारा पाच झाले.

आत्या खुर्चीतून उठली. शाल खाली पडली, तिने उचलली नाही. "धर्मा विचारला नाही अजून."

"सुकाणू धरून बसले असतील," हर्षाली हळू आवाजात म्हणाली. "वारा आहे ना. पडद्यावर सगळं ठीक आहे, आत्या."

"किती वर्षांत चुकला नाही तो? तू पाळण्यात होतीस तेव्हाही बाराला एक जादा खट् खट करायचा. आज नातीला विचारल्याशिवाय राहील?"

"आत्या, सगळे बघतायत."

"बघू देत. तुझ्या लेकीच्या नाकापाशी दहा वेळा बोट धरतेस. हिरवा दिवा असून. आणि आमचे बाप्ये तेवढे दिव्याच्या भरवशावर?"

आत्याने आवाज चढवला नव्हता. हर्षालीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हिराईची जागा दाखवणाऱ्या खुणेखालची बारीक अक्षरं वाचली. खूण दीड तासापूर्वीची होती. जागा सांगणारा डबा केबिनच्या मागच्या बाजूला बसवलेला. पाणी शिरलंच तर आधी तिथे शिरणार. पडद्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आवाज नाही म्हणजे शांत, आणि शांत म्हणजे ठीक, हे त्याला तिनेच शिकवलं होतं.

न गाळलेला, मूळ आवाज ऐकायची सोय हॉलमधल्या यंत्रात होती. कार्यक्रमात चुकून कुणी ती लावू नये म्हणून हर्षालीनेच तिला कुलूप घातलं होतं. परवलीचा शब्द होता उर्वीचं नाव आणि जन्मतारीख. तारीख दोनदा चुकली.

"हर्षाली, काय करतेयस?" पंडित मॅडम जागेवरून म्हणाल्या.

"ऐकतेय, मॅडम."

हॉलभर खरखर फुटली. पत्र्यावर वाळू ओतावी तशी. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले, उर्वीने भोकाड पसरलं. कोणीतरी ओरडलं, "बंद करा ते!"

"गप्प!" आत्या म्हणाली. चौतीस वर्षांत तिने या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणाला गप्प केलं असेल. हॉल गप्प झाला. उर्वीही, का कोण जाणे, हुंदका गिळून आत्याकडे बघत राहिली.

खरखर, खरखर. मग मधेच ती दबली, जसा कुणी तिच्यावर हात ठेवावा. खट्. अंमळ थांबून, खट्.

"धर्मा," आत्या म्हणाली.

पुन्हा खरखर दबली, आणि या वेळी दबूनच राहिली. बोलणं आलं नाही. पलीकडे कोणीतरी बटण दाबून धरलं होतं. पण पूर्ण शांतता नव्हती. मागे एक बारीक खरखर वर यायची, ओसरायची, वर यायची, ओसरायची. आत्या डोळे मिटून हाताने हवेत तो ताल धरत होती.

"सुपाची खरखर आहे ही. सुपात तांदूळ पाखडतो ना, तशी. होडी समोरून लाट कापत असली की हा झोका लहान असतो, भराभर. हा लांब आहे. होडी आडवी पडलीय लाटेला. इंजिन बंद आहे तिचं."

हर्षालीला एका क्षणात सगळं गणित दिसलं. होडी कलली की तिची अँटेना कलते. अँटेना कलली की इकडे पोचणारी लहर क्षीण होते. लहर क्षीण झाली की खरखर डोकं वर काढते. म्हणजे खरखरीच्या चढउतारात होडीचं डोलणं जसंच्या तसं लिहिलेलं होतं. हे तिच्या पुस्तकात होतं. प्रत्येक सूत्र तिला पाठ होतं. आत्याने ते नुसत्या कानाने वाचलं होतं.

तिने माइक उचलला. "बाबा, मी हर्षाली. माइक भिजलाय का? हो असेल तर दोनदा दाबा."

खट्. खट्.

"पाणी शिरलंय?"

खट्. खट्.

आत्याने तिच्या कडेवरून उर्वीला घेतलं. मग हर्षालीने विचारलं, "किती जण आहात होडीवर? मोजून दाबा, बाबा."

खट्. खट्. खट्. हॉलमधल्या बायका ओठांनी मोजत होत्या. चार. पाच. सहा.

मग नुसती खरखर.

हिराईवर आठ माणसं गेली होती. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. खरखर उठत होती, बसत होती.

खट्.

आणि बऱ्याच वेळाने, जणू बोटातली उरलीसुरली ताकद एकवटून, खट्.

"आठ!" मागून एक बाई किंचाळली आणि मटकन खाली बसली.

पण आठ जण नेमके कुठे? दीड तासात वाऱ्याने होडी कुठेही नेली असेल. हर्षालीचं डोकं आता वाऱ्यापेक्षा वेगाने चाललं होतं. "सगळ्या होड्यांनी ऐका. सेटच्या मागचं निवळीचं बटण बंद करा. खरखर येईल, येऊ द्या. बाबा, तुम्ही बटण धरून ठेवा. ज्याला खरखर सगळ्यात कमी येईल त्याने सांगा."

जवळची लहर जोरकस, आणि जोरकस लहर खरखरीला दाबून टाकते. ज्याच्याकडे खरखर सगळ्यात कमी, तो सगळ्यात जवळ. एकेक तांडेल सांगायला लागला. माझ्याकडे खूप. माझ्याकडे खूप. माझ्याकडे निम्मी. मग 'रहमत' होडीचे इब्राहिमचाचा बोलले, आवाज फाटका, गाळणीशिवायचा, "बेटा, माझ्याकडं जवळजवळ नायच. काळ्या खडकाच्या अलीकडं हाय मी. फिरवतो होडी. जशी कमी होईल तसा जातो."

खरखरीचा माग काढत जाणारी ती पहिलीच होडी असेल. सव्वीस मिनिटांनी चाचांचा आवाज आला, "दिसली. आठी जण दिसले. धर्माजी हात करतोय, माइक अजून सोडला नाय त्यानं!"

तासाभराने रहमत धक्क्याला लागली. बाबा उतरले, ओठ निळे पडलेले, उजव्या हाताचा अंगठा बटण दाबून दाबून आखडलेला. त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या उर्वीकडे.

"आमची बाय जेवली का?"

"जेवतेय कसली," आत्या म्हणाली. "तुझ्या नावाने रडून रडून भूक घालवली तिने. तू जेव आधी."

*

संध्याकाळी हॉलमध्ये पंडित मॅडम आणि पाहुणे अजून बसून होते. हर्षाली ओल्या केसांनी, बाबांना दवाखान्यात पोचवून आली आणि माइकशिवाय बोलली.

"पडद्यावर दिवा हिरवा होता तेव्हा आठ माणसं बुडत होती. ते यंत्र मी शिकवलंय. तांडेलांचे ठोके मी माझ्या हाताने फेकून दिले, वेळ वाचवायला. आत्याने मला सांगितलं होतं. हे असं यंत्र बेचाळीस बंदरांवर मी बसवू देणार नाही."

"हे एवढ्या लोकांसमोर बोलायलाच हवं होतं?" मॅडमनी नंतर बाजूला घेऊन विचारलं.

"होय. आठही घरची माणसं तिथेच होती, मॅडम."

सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. हर्षालीची बढती गेली. पुण्याहून नवऱ्याचा फोन आला, तो म्हणाला, "जाऊ दे गं. आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी, ती माझी बायको म्हणून." यावर हर्षाली पहिल्यांदा रडली.

नवी निवळी करायला आठ महिने लागले. ती आवाज अजूनही स्वच्छ करते, पण खरखर फेकत नाही. बाजूला वेगळी ठेवते, तिच्याकडे लक्ष देते आणि ती बदलली की सांगते. शिकवायला हर्षालीने आत्यालाच बसवलं. कंपनीच्या कागदावर तिचं पद 'तज्ज्ञ सल्लागार'. ते वाचून आत्या म्हणाली, "म्हणजे निरोपाची शाल परत द्यायची का?" ते अकरा हजार ठोके दोघींनी एकेक करून ऐकले. खरखरींना आत्याची स्वतःची नावं होती. अँटेनाच्या जोडात खारं पाणी गेलं की 'तळणीची', कढईत ओला मासा सोडल्यासारखी. अ‍ॅम्प्लिफायर तापला की 'चुलीची'. बॅटरी उतरत आली की 'म्हातारीची'. होडी आडवी पडली की 'सुपाची'. पुण्याच्या मुलांनी इंग्रजी नावं सुचवली होती. हर्षालीने एकही बदलू दिलं नाही. आज बेचाळीस बंदरांच्या पडद्यांवर हीच नावं उमटतात. वेळण्याची बायामाणसं पाहुण्यांना तो पडदा आवर्जून दाखवायला नेतात, आणि 'सुपाची' या शब्दावर बोट ठेवून म्हणतात, "हे आमच्या गुणाबायचं."

गेल्या डिसेंबरात हर्षाली पुण्यात होती. आत्याचा फोन आला. "मी बरी आहे गो." आवाज घंटेसारखा खणखणीत, कारण फोनमध्ये अजून जुनीच निवळी. हर्षाली फोन ठेवणार होती. मग तिने गाळणी बंद केली आणि म्हणाली, "आत्या, पुन्हा बोल." शब्द तेच आले. पण त्यामागे श्वास पाखडल्यासारखा वाजत होता, वर खाली, वर खाली. तिने शेजारच्या काकूंना तेव्हाच आत्याकडे पाठवलं, स्वतः पहिली गाडी धरली. छातीत कफ साठला होता. दोन दिवस उशीर झाला असता तर, असं डॉक्टरांनी म्हणायला सुरुवात केली आणि आत्याने त्यांना गप्प केलं. आता ती ठणठणीत आहे आणि दवाखान्यातल्या डाळीला नावं ठेवते.

नव्या निवळीबरोबर एक लहान पुस्तिका मिळते. तिचं शेवटचं पान हर्षालीने लिहिलंय. हे काढून टाका, यात तांत्रिक काही नाही, असं तिला दोनदा सांगण्यात आलं. तिने ते काढलं नाही. ते असं:

'तुमच्यासाठी कान देऊन बसणारं कोणीतरी तुमच्याही घरात, गावात असेल. सगळ्यांची खबर घेणारं, आणि ज्याची खबर कोणी घेत नाही असं. आज त्या माणसाला फोन लावा. गाळणी बंद करून लावा. ते म्हणेल, मी बरी आहे. तेवढ्यावर फोन ठेवू नका. शब्दांच्या मागे काय वाजतंय ते थोडा वेळ ऐका. आणि ते रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं, तर यंत्राला विचारत बसू नका. चप्पल घाला आणि बघून या.'